दोन आकडे



सूत्रसंचालकांनी माझं नाव पुकारलं तेव्हा मी जागेवर नव्हतो, त्याबद्दल आधी माफी मागतो. मी जिन्याखाली होतो. या सभागृहाचा मीटर तिथे आहे, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या मागे. जळमटं बाजूला केली, आकडा पाहिला, खिशातल्या खडूनं भिंतीवर लिहिला आणि वर आलो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या सरांनीच लावलेली ही खोड. सर लग्नाला जावोत की तेराव्याला, चपला काढता काढता त्यांची नजर मीटरवर जायची. यजमान म्हणायचा, 'या सर, बसा.' सर म्हणायचे, 'मीटर जोरात पळतोय हो तुमचा. आत कुणी आंघोळीला गेलंय का?' आणि आतून खरंच कुणी तरी टॉवेल मागायचं.

सर आयटीआयमध्ये वीजतंत्री या ट्रेडचे निदेशक होते. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे त्यांच्याच टेबलाशी उभा राहून मीही पोरांना तारा सोलायला आणि सांधे बांधायला शिकवलं, आणि आता निवृत्त आहे. वक्ता नाही. मोठमोठे विषय या मंचावर होऊन गेले आहेत. माझा विषय दाराबाहेरच्या पेटीचा आहे.

मराठीनं या विषयात एक गंमत करून ठेवली आहे. मीटरमध्ये दिसतो तो आकडा, आणि चोरी करायला तारेवर टाकतात तोही आकडाच. एक वाचायचा, दुसरा टाकायचा. आयुष्यभर दोन्ही पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की या दोघांचं सख्य नाही. गल्लीत पहिला वाचणारी चार माणसं असली, की दुसऱ्याला लपायला अवघड जातं.

आयटीआयतला पहिला दिवस सांगतो. आम्ही पोरं बहुतेक खेड्यांतून आलेली. सरांनी टेबलावर लाकडी फळी ठेवली. फळीवर काळा, जडशीळ मीटर आणि होल्डरमध्ये १०० वॉटचा दिवा. मीटरच्या काचेआड ॲल्युमिनियमची चकती, तिच्या कडेवर लाल खूण. पाटीवर कोरलेलं: ६०० फेरे म्हणजे १ किलोवॉट-तास. सरांनी बटण दाबलं, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, 'लाल खूण समोरून गेली की बोल. परत आली की परत बोल.' खूण गेली. चकती इतकी सावकाश, की मागची पोरं कुजबुजायला लागली. खूण परत आली तेव्हा सेकंदकाट्याचा एक पुरा फेरा झाला होता.

'आता फळ्यावर या,' सर म्हणाले. १०० वॉटचा दिवा १० तास जळला की १,००० वॉट-तास, म्हणजे एक युनिट. दहा तासांची मिनिटं ६००. मिनिटाला एक फेरा, तर फेरे ६००. पाटीवर कोरलेलंही तेच. मग त्यांनी दिवा काढून १,००० वॉटची शेगडी जोडली. चकती सहा सेकंदांना एक फेरा घ्यायला लागली आणि सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. कंपनीचं यंत्र आपण घड्याळ आणि गुणाकार यांवर तपासू शकतो, हे त्या दिवशी कळलं. त्याआधी घरी लाइट बिल यायचं ते पावसासारखं, वरून.

त्या चकतीला कुणी ढकलत नाही. एका बाजूला व्होल्टेजचं वेटोळं, दुसऱ्या बाजूला प्रवाहाचं; दोघांच्या चुंबकत्वामुळे चकतीत भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि ती फिरते. एक कायमचा चुंबक तिला लगाम घालून बसलेला असतो. तो नसता तर ती वापराच्या प्रमाणात फिरलीच नसती, नुसती गरगरत सुटली असती. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातला इंजिनिअर ओटो ब्लाथी यानं १८८९ मध्ये या जातीचा मीटर केला, आणि नंतरची शंभर वर्षं जगानं त्याच तत्त्वावर वीज मोजली.

त्याआधी काय होतं? एडिसननं १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं. त्याचा मीटर म्हणजे काचेच्या बरणीत द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज वापरली की एका पट्टीवरचं जस्त झिजायचं, दुसरीवर चढायचं. ठरल्या मुदतीनं कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा, आपल्याकडे तोलायचा आणि बिल पाठवायचा. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीतच एक दिवा असे. गारठा वाढला की आपोआप लागे. वीज मोजायला वीज जाळायची, हे काही मला फारसं खटकत नाही. खटकतं ते वेगळंच. ग्राहकाला त्या पेटीत वाचता येण्यासारखं काही नव्हतं. तराजू त्यांचा, वजनं त्यांची, खोलीही त्यांचीच. आकडे दाखवणारा मीटर आला आणि तराजूचा काटा गिऱ्हाइकाच्या दारात आला. किराणा दुकानात आपण काट्याकडे बघतो की नाही? तसाच हा काटा, पण त्याच्याकडे बघणारं घर शंभरात एखादं.

आता चकत्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक मीटर आले, त्यांच्या पडद्यावर आकडे पाळीपाळीनं येतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी, आणि मग ज्याच्या शेजारी केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं तो. तोच आपला. एका गृहस्थांनी मला घाबऱ्या आवाजात फोन केला होता, 'सकाळी रीडिंग २३५ होतं, आता २२८ झालं, मीटर उलटा फिरतोय!' ते व्होल्टेज वाचत होते. जुन्या मीटरमध्ये शेवटचा आकडा लाल चौकटीत असायचा, तो युनिटाचा दशांश. तो धरून वाचलं की वापर एकदम दसपट. अशा चुकीपायी आमच्या गावात एका सासूनं सुनेला महिनाभर इस्त्रीला हात लावू दिला नव्हता.

पडद्याशेजारी एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. ती नवी चकती. पाटीवर ३२०० इम्पल्स असं काहीसं छापलेलं असतं, म्हणजे ३,२०० लुकलुकींना एक युनिट. घरातलं सगळं बंद करून १०० वॉटचा एकच दिवा लावला, तर सव्वाअकरा सेकंदांनी एकदा लुकलुकायला हवं. २,००० वॉटचा गीझर लावा, सेकंदाला जवळजवळ दोनदा. नऊ वॉटचा एलईडी एकटाच असेल तर दोन मिनिटं वाट बघा. मोबाइलमध्ये घड्याळ आहे, गुणाकारही आहे. सरांच्या मनगटी घड्याळाचीही गरज उरली नाही.

हे नुसतं शाळकरी कौतुक नाही, त्यासाठी एका काकूंची गोष्ट सांगतो. दोन खोल्यांचं जुनं घर, खाली दुकानांची रांग. घरात फ्रिज, दोन पंखे, टीव्ही, तीन-चार दिवे. बिल येत होतं महिन्याला १९० युनिटांच्या आसपास. मी पाटीवर हिशेब मांडला: फ्रिज दिवसाला एक युनिट धरा, ७५ वॉटचे दोन पंखे बारा-बारा तास, बाकी किरकोळ. पंच्याण्णवच्या वर जाईना. आता १०० युनिटांपर्यंतचा दर आणि १०१ पासून ३०० पर्यंतचा दर यांत किती अंतर आहे, ते इथे बिल भरणाऱ्यांना सांगायला नको. काकूंनी तक्रार केली होती. मीटर बरोबर आहे, वापर कमी करा, असं उत्तर आलं होतं. काकू रात्री पंखा बंद करून झोपायला लागल्या होत्या. मे महिन्यात.

मी घरातला मेन स्विच पाडला आणि बाहेर येऊन मीटरसमोर उभा राहिलो. लाल दिवा थांबायला हवा होता. तो लुकलुकतच राहिला. मोजलं: आठ सेकंदांना एकदा. ताशी ४५० लुकलुकी, म्हणजे सुमारे १४० वॉट. एवढं रात्रंदिवस चालू राहिलं तर दिवसाला तीन युनिटांच्या वर, महिन्याला शंभर. कागदावर जेवढी तूट होती जवळजवळ तेवढीच. मीटर खरंच बरोबर होता. तक्रारीला उत्तर देणारा खोटं बोलला नव्हता, त्यानं फक्त पुढचा प्रश्न विचारला नव्हता. फळीच्या मागून, मेन स्विचच्या अलीकडून एक पांढरी वायर भिंतीत शिरत होती. खाली दुकानात ती बाटल्यांच्या फ्रिजच्या पाठीशी निघाली. दुकानदार म्हणाला, मला काहीच माहीत नाही, वायरमननं जोडून दिलं होतं. तो फ्रिज थंडगार होता आणि काकूंच्या कपाळावर घाम होता, एवढंच मला त्या क्षणी दिसत होतं.

काकूंनी पोलीस बोलावले नाहीत. गेल्या चौदा महिन्यांची बिलं काढली, दुकानदाराच्याच काउंटरवर बसून दर महिन्याचा फरक त्याला वाचून दाखवला आणि पैसे घेऊन उठल्या. तेव्हापासून त्या दर एक तारखेला रीडिंग लिहून ठेवतात. वही सरांनी दिली होती, शाळेत हजेरीला असते तसली.

बिल वाचायलाही एवढाच वेळ लागतो. चालू रीडिंग, त्यातून मागील रीडिंग वजा, गुणिले गुणक अवयव. घरगुती मीटरला हा गुणक बहुधा एकच. मग पैशांचा भाग: स्थिर आकार, जो घराला कुलूप असलं तरी लागतो, वीज आकार, जो टप्प्याटप्प्यानं चढतो, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या बेरजेवर राज्य सरकारचं १६ टक्के वीज शुल्क. पण या सगळ्याच्या आधी रीडिंगच्या रकान्यात लॉक, फॉल्टी, इनॲक्सेस असा एखादा शब्द आहे का ते पाहा. असेल तर तुमचं बिल मोजलेलं नाही, अंदाजानं बांधलेलं आहे. असं तीन-चार महिने चाललं आणि मग एकदम खरं रीडिंग घेतलं, की घरात रडारड. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी हे भोगलं. मार्चनंतर रीडिंग घ्यायला कुणी फिरकलं नाही, सरासरीची बिलं गेली, आणि जूनमध्ये साठलेला वापर एकदम अंगावर आला. उन्हाळा, त्यात सगळी माणसं घरात. वापर वाढला होता हे खरं. पण किती वाढला हे सांगायला ज्याच्याकडे दर महिन्याचा मीटरचा फोटो होता, तो वीज कचेरीच्या खिडकीवर शांतपणे बोलला. बाकीचे ओरडले. दोघांचाही राग खरा होता, पण काम एकाचंच लवकर झालं.

आता दुसऱ्या आकड्याकडे वळतो.

संध्याकाळ झाली की बांबूच्या टोकाला वायर वाकवून ती खांबावरच्या तारेला अडकवतात. पहाटे काढतात. वर्तमानपत्रं अशांना आकडेबहाद्दर म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्यात कौतुक डोकावतं. यात बहादुरी किती आणि काय घडतं, ते आपण हिशेबानंच पाहू.

गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला आपण डीपी म्हणतो, तो ११,००० व्होल्टचे ४३३ करतो. समजा तो ६३ केव्हीएचा आहे. पूर्ण भाराला त्याच्या प्रत्येक फेजमधून ८४ अँपिअर जायचे. २,००० वॉटची एक शेगडी पावणेनऊ अँपिअर घेते. म्हणजे अशा दहा शेगड्या एकाच फेजवर आल्या, तर तो फेज संपला; बिल भरणाऱ्यांसाठी काही उरलं नाही. आणि आकडे एकाच फेजवर येतात, कारण बांबू जिथवर पोचतो तीच तार सगळ्यांना सोयीची. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. डीपीतलं तेल तापतं, वेटोळ्यांवरचं आवरण करपतं. फ्यूज वितळून त्याला वाचवायला हवा, पण डीपीच्या पेटीतल्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या धारकात, कुणी तरी फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार भरून ठेवलेली असते, सारखी लाइट जाते म्हणून. मग एके रात्री धाड असा आवाज, आणि गहू ऐन पाण्यावर असताना आठ-दहा दिवस अंधार.

याहून वाईट एक गोष्ट आहे, तिची चर्चा कमी होते. तिन्ही फेज सारखे भरलेले असतात तेव्हा न्यूट्रलच्या तारेत फारसा प्रवाह नसतो. एकाच फेजवर गर्दी झाली की तो सगळा असमतोल न्यूट्रलवर येतो. न्यूट्रलचा सांधा आधीच ढिला असेल तर तापतो आणि तुटतो. न्यूट्रल तुटला की घरांतले २३० व्होल्ट २३० राहत नाहीत. ज्या फेजवर भार जास्त तिथे दिवे मिणमिणतात, आणि ज्या फेजवर भार कमी, म्हणजे जिथे शांतपणे एक पंखा आणि टीव्ही चालू आहे, तिथे दाब साडेतीनशेच्या पुढे चढू शकतो. आकडा टाकणाऱ्याची शेगडी थंड पडते आणि मीटरवाल्या शेजाऱ्याचा टीव्ही जळतो. कंपनीची वीज चोरली असं आपण म्हणतो खरं. त्या रात्री पुढच्या घरात जाऊन विचारा कुणाचं काय गेलं.

ज्याच्या घरात ती आकड्याची वायर येते त्याला तरी काय मिळतं? मीटरच्या पुढे एमसीबी असते, नव्या घरांत ३० मिलिअँपिअरला पाडणारी आरसीसीबी असते. आपण तिला अजून ईएलसीबीच म्हणतो. आकड्याच्या वायरला यातलं काही नाही. तिच्यामागे एकच फ्यूज, डीपीतला, अख्ख्या गल्लीच्या भाराचा, तोही जाड तारेचा. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध साधारण १,००० ओहम धरा. २३० भागिले १,०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-वीस मिलिअँपिअरला स्नायू आवळतात, हात सोडवत नाही. 'करंटनं धरून ठेवलं' म्हणतात ते हेच. पन्नास-शंभरच्या पुढे हृदय ठोके द्यायचं सोडून थरथरायला लागतं. डीपीतल्या फ्यूजच्या दृष्टीनं २३० मिलिअँपिअर म्हणजे कुणी पाच वॉटचे दहा-अकरा दिवे लावले इतकंच. त्याला कळतही नाही. पत्र्याचं घर, ओली दोरी, तारेवर वाळत घातलेले कपडे, पावसाळा. यापुढचं मी सांगत नाही.

पण एक सांगायलाच हवं, आणि ते माझ्या घरातलं नसलं तरी माझ्या वर्गातलं आहे.

खेड्यात लाइनमन एक आणि गावं पाच. म्हणून प्रत्येक गावात एक हौशी पोरगा असतो, खांबावर सरसर चढणारा, ज्याला झिरो वायरमन म्हणतात. झिरो, कारण पगार शून्य, परवाना शून्य, विमा शून्य. माझा एक विद्यार्थी वर्ष अर्धवट सोडून गेला आणि असा झिरो वायरमन झाला. हुशार होता, सांधा असा बांधायचा की ओढून निघू नये. जुलैत तार तुटली. त्यानं डीपीचे तिन्ही किटकॅट काढले, खिशात घातले आणि खांबावर चढला. त्याच्या हिशेबानं लाइन मेलेली होती. पण त्या तारेवरच्या एका घरात, स्वतःचा मीटर असूनही, दुसऱ्या डीपीच्या लाइनवरून आकडा आणलेला होता. इकडची गेली की तिकडची असावी म्हणून. घरातल्या घरात दोन्ही वायरी एकत्र आल्या होत्या. तिकडची वीज त्या घरातून, सरकारी सीलबंद मीटरमधून उलटी मागे येऊन खांबावर पोचली. मीटर दोन्ही दिशांना वाहू देतो, त्याला कोण कुठून आलं कळत नाही.

त्याला खाली उतरवला तेव्हा किटकॅट खिशातच होते.

वर्गात मी 'काम करण्याआधी लाइन शॉर्ट करून अर्थ करा' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. त्या वर्षानंतर ते लिहायच्या आधी पोरांना लाइन अर्थ करायचा डिस्चार्ज रॉड हातात धरायला लावायचो, त्याचं वजन कळावं म्हणून. जनरेटरवाल्यांनाही हेच लागू आहे. चेंजओव्हर स्विच न लावता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज डीपीपर्यंत मागे जाते, आणि डीपी उलटाही चालतो: ४३३ चे ११,००० करतो. मैलभर लांब खांबावर काम करणाऱ्याला तुमचा जनरेटर ऐकू येत नाही.

चोरीच्या विजेचा आणखी एक वापर आपल्या विदर्भात होतो. रानडुकरं पीक नासवतात म्हणून शेताभोवती तार ताणायची आणि रात्री तिच्यात खांबावरचा प्रवाह सोडायचा. डुक्कर येतं कधी कधी. येतो तो बहुधा शेजारचा शेतकरी पाण्याची पाळी बघायला, किंवा ज्यानं तार लावली त्याचाच मुलगा. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडच्या बाजूला 'जय' या नावाजलेल्या वाघाचा बच्चा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, असाच गेला. पिकाचं नुकसान खोटं नाही, रात्र जागून काढलेल्या शेतकऱ्याला उपदेश करायला मी धजणार नाही. पण त्यासाठी झटका मशीन आहे. ते बॅटरीवर चालतं, सेकंद-दीड सेकंदानं क्षणभराचा झटका देतं आणि सोडतं. सोडतं, हा फरक आहे. खांबावरची वीज सोडत नाही.

कायदा थोडक्यात सांगतो. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ चोरीचं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. भार १० किलोवॉटच्या आत असेल तर पहिल्या वेळी दंड चोरीतून झालेल्या फायद्याच्या तिपटीहून कमी नाही, पुढच्या वेळी सहापट. तडजोडीची सोय कलम १५२ मध्ये आहे, पण ती एका माणसाला एकदाच. कलम १२६ वेगळं: घरगुती जोडणीवर दुकान चालवलं, तर ती चोरी नव्हे, अनधिकृत वापर, त्याची आकारणी दुप्पट दरानं. भरारी पथक येतं तेव्हा या दोन कलमांत गल्लत होऊ देऊ नका. याच कायद्यात एक मजेदार वाक्य आहे: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात राहत्या घराची झडती घरातल्या प्रौढ पुरुषाच्या उपस्थितीशिवाय घेता येत नाही. घराचं बिल भरणारी, रीडिंग लिहिणारी बाई समोर उभी असली तरी कायद्याला पुरुष लागतो. २००३ साली हे लिहिलं गेलं, एडिसनच्या काळी नव्हे.

कुणी म्हणेल, आकडा टाकणारे गरीब असतात. काही असतात. झोपडीला कागद नाही म्हणून मीटर नाही, आणि मीटर नाही म्हणून आकडा. वास्तविक कलम ४३ म्हणतं, मालक किंवा भोगवटादार यांनी अर्ज केला तर वीज द्यायची. राहणारा असणं पुरेसं आहे. खिडकीवर मात्र कागदांची यादी वाढत जाते, आणि त्या यादीमुळे पडलेले आकडे मी मोजले तर तेही थोडे भरणार नाहीत. पण माझ्या पाहण्यात गरीब आकडा उघड्यावर टाकतो, ज्याच्या घरात दोन एसी आहेत तो मीटरच्या पोटात हात घालतो. पहिला दिसतो म्हणून पकडला जातो. दुसऱ्याला वाटतं आपण सापडणार नाही. आता मीटर जाणारा आणि परत येणारा असा दोन्ही तारांतला प्रवाह मोजतो. झाकण उघडलं, चुंबक जवळ आणला, याची तारीख-वेळेसकट नोंद ठेवतो. काटे थांबवून देतो म्हणणारा कारागीर पैसे घेऊन जातो, आणि नोंद तुमच्या भिंतीवर राहते.

या चोरीचा भार कुठे जातो? नियामक आयोग वितरण हानी म्हणून जेवढी मान्य करतो तेवढी दरात धरली जाते, म्हणजे तुमच्या-माझ्या बिलात. भारनियमनाची ती वर्षं आठवा. फीडरची, म्हणजे गावागल्ल्यांना वीज नेणाऱ्या लाइनची, हानी पाहून गट पाडले होते. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, त्याला अंधार जास्त. एका गल्लीतल्या वीस आकड्यांपायी त्याच फीडरवरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं, झेरॉक्सवाल्यानं, दहावीच्या पोरांनी तासन् तास मेणबत्त्या लावल्या. तेव्हा 'कोण टाकतंय' हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं, कारण कुणाकडे कागदावर मांडलेला आकडा नव्हता.

आता नवे स्मार्ट मीटर येताहेत. रीडिंग घ्यायला माणूस येणार नाही, आकडा आपोआप कचेरीत जाईल, दिवसाच्या ठरावीक वेळेत वीज स्वस्त पडेल. लोकांच्या मनात शंका आहेत आणि त्या विचारल्याच पाहिजेत. माझी शंका थोडी निराळी आहे. मीटरवाला दारात आला की निदान चार जण तिकडे बघायचे. आता कुणी येणारच नाही, मग बघणार कोण? पडदा तिथेच आहे, लाल दिवाही तिथेच लुकलुकतोय. काकूंची वही भरत आली, परवा त्यांनी दुसरी मागवली.

वेळ संपत आली, चिठ्ठी आली आहे. या सभागृहात छताला १४ पंखे आहेत, ७५ वॉटचे. वीस ट्यूब, एलईडीच्या, वीस वॉट धरा. ध्वनिक्षेपकाचे साडेतीनशे. बेरीज १,८००. मी तासभर बोललो. येताना भिंतीवर लिहिलेला आकडा आहे १८४२६.३. जिना उतरताना डाव्या हाताला वळा, सतरंज्या मी बाजूला करून ठेवल्या आहेत. १८४२८.१ च्या आसपास असेल तर ठीक. फारच जास्त निघाला, तर कुणीही घरी जाऊ नका, मला हाक मारा. खिशात टेस्टर आहे.